स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली; मग केमो घ्यायची का?

"ऑपरेशन छान झालं, गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत." सर्जनचं हे वाक्य ऐकलं की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग दहा-पंधरा दिवसांनी टाके दाखवायला जावं, हातात जाडजूड रिपोर्ट पडावा आणि समोरून प्रश्न यावा, "केमोचं काय ठरवताय?" सगळं निघालंय असं तुम्हीच म्हणालात ना? मग आता केमो कशाची?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येकीसाठी वेगळं आहे. काहींनी केमो घेतलीच पाहिजे. काहींना तिचा काडीचाही उपयोग नसतो. आणि या दोघींच्या मध्ये बऱ्याच जणी अशा असतात, ज्यांना खरोखर बसून ठरवावं लागतं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे: आधी ऑपरेशन झालंय आणि आता पुढच्या औषधांचं ठरायचंय. (स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. संख्या फार कमी, पण विचार करायची पद्धत बरीचशी हीच.)

केमो चांगली की वाईट, यावर नातेवाईक तासन्‌तास वाद घालू शकतात. त्यातून काहीही निघत नाही. तुम्हाला हवा आहे एक आकडा: माझ्यासारख्या शंभर जणींनी केमो घेतली, तर त्यातल्या किती जणींचं केमोमुळे भलं होईल? तो आकडा समजेपर्यंत हो म्हणायची घाई नको आणि नाही म्हणायचीही नको. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिथवर पोचण्याच्या आहेत.

आधी हे कळू द्या: केमो नेमकी कशावर

सर्जनने काढली ती हाताला लागणारी, सोनोग्राफीत दिसणारी गाठ. पण गाठ शरीरात होती तेवढ्या काळात तिच्यातल्या काही पेशी रक्तातून किंवा रसवाहिन्यांतून निसटून हाडांत, यकृतात, फुप्फुसांत जाऊन बसल्या असतील का? केमोचा सगळा प्रश्न हा आहे. अशा पेशी असल्याच, तरी इतक्या थोड्या असतात की कुठल्याही स्कॅनला दिसत नाहीत. म्हणून "माझा पेट स्कॅन स्वच्छ आलाय" हे केमो टाळायचं कारण होऊ शकत नाही. स्कॅनमध्ये दुसरीकडे आजार दिसला असता, तर बोलणंच वेगळं झालं असतं.

एके काळी समज असा होता की जितकं जास्त कापावं तितका आजार मुळापासून जातो. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काख, सगळं काढत. तरीही पुष्कळ बायकांचा आजार काही वर्षांनी दुसऱ्याच अवयवात उलटायचा. अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशर यांनी हे कोडं उलगडायचा ध्यास घेतला आणि मांडलं की आजार अनेकदा ऑपरेशनच्या आधीच शरीरभर पोचलेला असतो. मग इटलीत, मिलानला, जानी बोनाडोना यांनी काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत आजार पोचलेल्या बायकांना ऑपरेशननंतर तीन औषधांची केमो देऊन पाहिली. १९७६ साली आकडे प्रसिद्ध झाले. सव्वादोन वर्षांत, केमो न घेतलेल्या १७९ जणींपैकी ४३ जणींचा आजार उलटला होता. घेतलेल्या २०७ जणींपैकी फक्त ११.

हे आकडे ऐकून केमोच्या बाजूने हात वर होतो, आणि ते योग्यच आहे. पण तेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचा. १७९ पैकी १३६ जणींचा आजार तेवढ्या काळात केमोशिवायही उलटला नव्हता. आणि ११ जणींचा केमो घेऊनही उलटला. म्हणजे केमो घेणाऱ्यांत नेहमी तीन गट असतात: ज्या ऑपरेशननेच बऱ्या झाल्या होत्या, ज्यांना केमोनेही गुण आला नाही, आणि ज्या केवळ केमोमुळे वाचल्या. आपण कुठल्या गटात आहोत हे कोणालाही आधी सांगता येत नाही. पण तिसरा गट तुमच्या बाबतीत किती मोठा असेल, याचा अंदाज मात्र आज बराच नेमका बांधता येतो.

पायरी १: ऑपरेशननंतरचा रिपोर्ट समोर घ्या

बायोप्सीचा नव्हे, ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा अंतिम हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा) रिपोर्ट. बायोप्सीत सुईने काढलेला इवलासा तुकडा असतो. ऑपरेशननंतर अख्खी गाठ तपासली जाते, त्यामुळे ग्रेड, आकार, कधीकधी हर-टूचा (गाठीची वाढ चेतवणाऱ्या एका प्रथिनाचा) निकालसुद्धा बदललेला दिसू शकतो. एका कोऱ्या कागदावर पुढच्या गोष्टी स्वतःच्या हाताने उतरवून काढा. उतरवताना जिथे अडाल, तो तुमचा डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न.

गाठीचा आकार. 'इन्व्हेजिव्ह', म्हणजे दुधाच्या नळ्यांबाहेर आसपास घुसलेल्या भागाचा आकार पाहा, एकूण नव्हे. आजार दुधाच्या नळ्यांच्या आतच राहिला असेल, ज्याला डीसीआयएस म्हणतात, तर केमोचा प्रश्नच उद्भवत नाही. गाठीचा काही भाग डीसीआयएस आणि काही इन्व्हेजिव्ह असेल, तर हिशेब इन्व्हेजिव्ह भागाचा.

काखेतल्या लसिकाग्रंथी. किती काढल्या आणि त्यातल्या कितींत आजार सापडला? "०/३" म्हणजे तीन तपासल्या, तिन्ही स्वच्छ. एक ते तीन ग्रंथींत आजार असणं आणि चार किंवा जास्त असणं यात मोठा फरक आहे.

ग्रेड. १, २ किंवा ३. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या, किती वेगाने वाढणाऱ्या दिसतात, ते. बऱ्याच जणी ग्रेड ३ वाचून "तिसरी स्टेज!" म्हणून हादरतात. ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक सेंटिमीटरची, कुठेही न पसरलेली गाठसुद्धा ग्रेड ३ ची असू शकते.

ईआर आणि पीआर. हे पेशींतले हॉर्मोन पकडणारे ग्राही (रिसेप्टर); गाठीला हॉर्मोनचं खाद्य लागतं का, हे यातून कळतं. नुसतं 'पॉझिटिव्ह' एवढं वाचून पुढे जाऊ नका, टक्केवारी पाहा. एक टक्का पेशींत ईआर सापडला तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, पण १ ते १० टक्क्यांमधल्या गाठी वागायला बऱ्याचदा निगेटिव्ह गाठींसारख्याच असतात. ९० टक्के आणि ५ टक्के, दोन्ही कागदावर पॉझिटिव्हच. निर्णय मात्र अगदी निरनिराळे.

हर-टू. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे अजून ठरलेलं नाही. फिश नावाची पुढची तपासणी व्हायलाच हवी. २+ वरच थांबलेला रिपोर्ट घेऊन केमोचा निर्णय करणं म्हणजे अर्धा पेपर सोडवून उठण्यासारखं आहे.

याशिवाय केआय-६७ची टक्केवारी (किती पेशी वाढीच्या अवस्थेत आहेत, ते) आणि 'लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन' (पेशी बारीक रक्त-रसवाहिन्यांत शिरलेल्या) आहे की नाही, तेही लिहून ठेवा. केआय-६७वर एकट्यावर विसंबू नये. एकाच गाठीचा आकडा दोन प्रयोगशाळांत वेगळा येऊ शकतो.

पायरी २: तुमची गाठ कुठल्या घरातली

वरच्या कागदावरून गाठ तीनपैकी एका घरात बसते. दोन घरांमध्ये निर्णय तसा लवकर होतो.

हर-टू पॉझिटिव्ह असेल तर केमोसोबत ट्रास्टुझुमॅब हे थेट हर-टूवर काम करणारं औषध दिलं जातं. २००५ साली त्याच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि पूर्वी सर्वांत धास्तीचा मानला जाणारा हा प्रकार बराच आटोक्यात आला. ते वर्षभर चालतं, केमो मात्र त्यातले सुरुवातीचे काही महिनेच असते. गाठ लहान आणि काख स्वच्छ असेल, तर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचे १२ डोस आणि ट्रास्टुझुमॅब, एवढी हलकी योजना पुरते. "हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे जबरदस्त केमो" असं कोणी सांगितलं, तर आपल्याला हलकी योजना चालेल का, हे जरूर विचारा. अगदी काही मिलिमीटरच्या गाठींत केमो लागेल की नाही, यावरही चर्चा होऊ शकते.

ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नाहीत. इथे हॉर्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे शरीरभर पोचणारं मुख्य औषध केमोच. गाठ एक सेंटिमीटरच्या वर असेल तर केमो सुचवली जाते आणि माझ्या मते इथे घासाघीस करण्यात वेळ घालवू नये. अर्ध्या सेंटिमीटरच्या आतली आणि काख स्वच्छ असलेली गाठ असेल, तर बहुधा केमोशिवाय भागतं. अर्धा ते एक सेंटिमीटर, हा मधला भाग बोलून ठरवायचा.

राहिलं तिसरं घर: ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. ढोबळमानाने दहातल्या सात जणी इथल्या, आणि खरी दुविधा इथेच. या गाठींवर हॉर्मोन रोखणाऱ्या गोळ्यांचा चांगला परिणाम होतो. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने या आजाराने होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. म्हणजे केमोच्या वाट्याला काम येतं ते गोळ्यांनी आपलं काम केल्यावर उरलेलं. ते उरलेलं काम पुष्कळदा इतकं थोडं असतं की त्यासाठी केमोचा त्रास सोसण्यात अर्थ नसतो. काखेतल्या चार किंवा जास्त ग्रंथींत आजार असेल तर मात्र याही घरात केमोचं पारडं सहसा जड राहतं.

ज्यांना केमो आधी देऊन मग ऑपरेशन झालं, त्यांनी रिपोर्टमध्ये एकच गोष्ट पाहायची: गाठीत काही जिवंत आजार उरला होता का? उरला असेल तर ट्रिपल निगेटिव्हमध्ये कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, हर-टूमध्ये टी-डीएम१, अशी पुढची औषधं असतात. पुढे येणाऱ्या जनुकीय चाचण्या त्यांच्यासाठी नाहीत.

पायरी ३: जनुकीय चाचणी, फक्त तिसऱ्या घरासाठी

काढलेली गाठ फेकून दिलेली नसते. तिचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. ब्लॉकमधल्या पेशींची काही जनुकं किती जोरात काम करतायत हे मोजून, आजार उलटण्याचा धोका सांगणाऱ्या चाचण्या आहेत. त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही. ऑन्कोटाइप डीएक्स २१ जनुकं तपासते, मॅमाप्रिंट ७०. प्रोसिग्ना आणि एंडोप्रेडिक्ट या आणखी दोन. (ही चाचणी म्हणजे बीआरसीए नव्हे. बीआरसीए घराण्यातून आलेला दोष शोधते. ही तुमच्या गाठीचा स्वभाव सांगते. दोन्हींना 'जीन टेस्ट' म्हटलं जात असल्यामुळे गोंधळ ठरलेला.)

ऑन्कोटाइपमध्ये ० ते १०० असा स्कोअर येतो. तो कसा वाचायचा हे प्रामुख्याने रुग्णांवरच्या दोन मोठ्या अभ्यासांनी ठरवलं. पहिला टेलरएक्स, निकाल २०१८ चा. काख स्वच्छ असलेल्या दहा हजारांवर बायका त्यात होत्या. ११ ते २५ स्कोअरच्या गटात निम्म्यांना नुसत्या गोळ्या, निम्म्यांना केमो आणि गोळ्या. नऊ वर्षांनी दूरच्या अवयवांत आजार न उलटलेल्यांचं प्रमाण केमोशिवाय ९४.५ टक्के, केमोसह ९५ टक्के. फरक जवळजवळ नाहीच.

मेख वयात आहे. पन्नाशीच्या आतल्या बायकांत १६ ते २० स्कोअरला शंभरात साधारण दीड जणीचा आणि २१ ते २५ स्कोअरला साडेसहा जणींचा फायदा दिसला. १५ पर्यंत मात्र त्यांनाही नाही. वयाचा हा फरक का? केमोने पाळी थांबते, म्हणजे अंडाशयांचं हॉर्मोन बंद होतं. फायद्याचा निदान काही भाग त्यातून येत असावा, असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे. आणि अंडाशय शांत करायला इंजेक्शनंही आहेत. म्हणून तुम्ही पन्नाशीच्या आत असाल आणि स्कोअर या मधल्या पट्ट्यात असेल, तर हा प्रश्न जसाच्या तसा विचारा: "केमोऐवजी अंडाशय थांबवायचं इंजेक्शन आणि गोळ्या घेतल्या तर माझ्या बाबतीत कितीसा फरक पडेल?" नेमका आकडा मिळेलच असं नाही, पण या प्रश्नाला डॉक्टर काय म्हणतात त्यावरून तुमचा निर्णय पुष्कळ पुढे सरकतो.

दुसरा अभ्यास आरएक्स-पाँडर, २०२१ चा: एक ते तीन ग्रंथींत आजार आणि स्कोअर २५ पर्यंत. पाळी गेलेल्या बायकांना केमोचा उपयोग नाही. पाळी चालू असलेल्यांत, पाच वर्षांनी आजारापासून मुक्त असलेल्यांचं प्रमाण केमोशिवाय ८९ आणि केमोसह ९३.९ टक्के. स्कोअर २६ किंवा वर असेल तर वय काहीही असो, केमोचा सल्ला दिला जातो.

जनुकीय चाचणी परवडत नसेल किंवा उपलब्ध नसेल तर निर्णय अडत नाही. कमी धोक्याचं चित्र रिपोर्टमधूनही दिसतं: लहान गाठ, ग्रेड १, ईआर भरपूर, काख स्वच्छ. अशा वेळी चाचणी करूनही उत्तर बहुधा तेच येणार. चाचणी करण्यात खरा अर्थ तेव्हा असतो, जेव्हा निकालाप्रमाणे वागायची तुमची तयारी असते. "काहीही आलं तरी मी केमो घेणारच" असं मनाने ठरलेलं असेल, तर तो खर्च कशाला?

पायरी ४: आकडा नीट मागा

आकडे ऐकताना सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. "केमोने धोका एक तृतीयांश कमी होतो" हे वाक्य खरं आहे. जगभरातल्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून ऑक्सफर्डच्या गटाने २०१२ मध्ये काढलेल्या निष्कर्षाच्या ते जवळ जाणारं आहे. पण एक तृतीयांश कशाचा?

समजा, गोळ्या घेऊनही दहा वर्षांत आजाराने दगावण्याचा धोका शंभरात ३६ आहे. एक तृतीयांश कमी, म्हणजे २४ राहिला. बारा जणी वाचल्या. आता समजा तो धोका मुळात शंभरात ६ आहे. एक तृतीयांश कमी, म्हणजे ४. दोघी वाचल्या. ९४ जणी केमोशिवायही तरल्याच असत्या, चौघींना केमो घेऊनही फळ मिळालं नाही, आणि त्रास मात्र शंभराच्या शंभर जणींनी भोगला. दोन्हीकडे वाक्य तेच, 'एक तृतीयांश'. हातात पडतं ते जमीन-अस्मानाच्या फरकाचं.

म्हणून विचारायचं ते असं: "माझ्यासारख्या शंभर जणी घेतल्या आणि सगळ्यांनी फक्त गोळ्या घेतल्या, तर दहा वर्षांनी किती जणी असतील? केमोही घेतली तर किती?" डॉक्टरांनी कागदावर दोन आकडे लिहून दिले की त्यांची वजाबाकी म्हणजे तुमचा आकडा. तो जगण्याबद्दल आहे की आजार उलटण्याबद्दल, हेही विचारून घ्या. उलटण्याचे आकडे नेहमी मोठे दिसतात.

हा अंदाज काढायला डॉक्टर वापरतात ती एक मोफत ऑनलाइन सोय म्हणजे केंब्रिजमध्ये तयार झालेलं 'प्रेडिक्ट'. वय, आकार, ग्रेड, ग्रंथी, ईआर, हर-टू भरलं की प्रत्येक उपचाराने किती भर पडते ते शंभर जणींच्या चित्रात दिसतं. रात्री दोन वाजता एकट्याने मोबाइलवर ते उघडून बसू नका, एवढंच सांगेन. डॉक्टरांसमोर भरा. एक खूण चुकली तर आकडा भलताच येतो, आणि तो डोक्यातून जाता जात नाही.

पायरी ५: दुसरं पारडं

केमो म्हणजे केस आणि उलट्या, एवढंच चित्र डोळ्यांसमोर असतं. उलट्यांवरची औषधं आता फार चांगली आहेत, आणि केस परत येतात (डोसिटॅक्सेलनंतर क्वचित काहींचे पूर्ण येत नाहीत). डोकं थंड ठेवणाऱ्या टोपीने काहींचे बरेच केस टिकतातही. निर्णय घेताना ज्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं, त्या गोष्टी वेगळ्या आहेत: मागे राहू शकणाऱ्या.

पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल या औषधांनी हातापायांची बोटं बधिर होतात, मुंग्या येतात. बहुतेकींचं हळूहळू कमी होतं, काहींचं राहून जातं. ज्यांचं पोट बोटांच्या कौशल्यावर चालतं, किंवा ज्यांना मधुमेहाने आधीच मुंग्या येतात, त्यांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं पाहिजे. डॉक्सोरुबिसिन, ते लाल रंगाचं औषध, हृदयाचं बळ कमी करू शकतं. म्हणून आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात आणि एकूण डोसला मर्यादा असते. हृदय आधीच कमकुवत असेल तर डोसिटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फामाइडच्या चार सायकल (ठरावीक अंतराने द्यायच्या खेपा), अशी डॉक्सोरुबिसिन टाळणारी योजनाही आहे. रक्ताच्या कर्करोगाचा धोका शंभरात एकाहून कमी आहे, पण शून्य नाही. तुमचा फायद्याचा आकडा दीड-दोन असेल, तेव्हा हा छोटा आकडाही हिशेबात धरावा लागतो.

आणि थकवा, विसरभोळेपणा. हे मोजता येत नाही म्हणून कागदावर येत नाही. घरात मात्र रोज जाणवतं.

मूल हवं असेल, किंवा पुढे कधी हवंसं वाटू शकेल असं वाटत असेल, तर या विषयाला आजच तोंड फोडा, डॉक्टरांनी काढायची वाट बघू नका. केमोने पाळी कायमची जाऊ शकते. चाळिशीनंतर ती शक्यता बरीच वाढते. स्त्रीबीजं किंवा गर्भ गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि ते केमो सुरू व्हायच्या आधीच होऊ शकतं. गोसेरेलिनच्या इंजेक्शनने अंडाशयांना काही प्रमाणात संरक्षण मिळतं. ते केमोच्या निदान आठवडाभर आधी सुरू करतात. हा विषय काढायचा संकोच वाटून नंतर हळहळणाऱ्या बायका कमी नाहीत.

वयाचं काय? "सत्तरीत कशाला केमो" असं घरचेच परस्पर ठरवून टाकतात. वय हा एकटा निकष नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ६५ वर्षांवरच्या बायकांना नेहमीची केमो किंवा सोपी म्हणून कॅपेसिटाबिन या केमोच्याच गोळ्या दिल्या. गोळ्यांच्या गटात आजार उलटण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. ती स्वतः जिना चढते का, स्वतःचे व्यवहार बघते का, हृदय-मूत्रपिंडं कशी आहेत, हे पाहायचं. उलट पंचावन्नाव्या वर्षी इतर आजारांनी खंगलेल्या बाईसाठी दोन-तीन टक्क्यांच्या मागे लागणं शहाणपणाचं असेलच असं नाही.

पायरी ६: भेट अशी घ्या

सर्जनशी नव्हे, मेडिकल ऑन्कोलॉजिस्टशी (कर्करोगावर औषधं देणाऱ्या डॉक्टरांशी), फक्त या विषयासाठी वेगळी वेळ घ्या. ड्रेसिंग करता करता दारात उभं राहून हा निर्णय होत नसतो. सोबत एकच माणूस न्या, जो लिहून घेईल आणि मध्ये बोलणार नाही. बोलणं रेकॉर्ड केलं तर चालेल का, ते विचारा.

प्रश्न फार नकोत. माझा शंभरातला आकडा किती? कुठली औषधं, किती सायकल, किती आठवड्यांच्या अंतराने? माझ्या बाबतीत कायमचा राहू शकेल असा कुठला त्रास? जनुकीय चाचणीने तुमचा सल्ला बदलेल का? आणि हा शेवटचा, जो विचारायला जीभ रेटत नाही: "मी नाही म्हटलं तर तुम्ही माझ्यासाठी काय कराल?" चांगले डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाहीत. ते गोळ्या, तपासण्या, पुढची योजना सांगतात.

दुसरं मत घ्यायचं असेल तर कागदांबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही न्या. मतभेद बऱ्याचदा डॉक्टरांत नसतो, रिपोर्टात असतो. ईआर किंवा हर-टू पुन्हा तपासल्यावर चित्र पालटल्याची उदाहरणं आहेत. तिसरं, चौथं, पाचवं मत मात्र बहुधा भीतीपोटी घेतलं जातं, माहितीसाठी नाही.

पायरी ७: घड्याळ

घाबरून उद्याच सुरू करायची गरज नाही, आणि सहा महिने विचार करायची मुभाही नाही. जखम भरल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांत केमो सुरू होते. कॅलिफोर्नियातल्या सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये आला. ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या पुढे केमो सुरू झालेल्यांचं जगण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं, ट्रिपल निगेटिव्हमध्ये विशेषच. त्याआधीच्या दिवसांत थोडं मागेपुढे झाल्याने तसा फरक दिसला नव्हता. तेव्हा कॅलेंडरवर ऑपरेशनची तारीख आणि त्यापुढचा नव्वदावा दिवस खूण करून ठेवा. चाचणीचा निकाल, दुसरं मत, स्त्रीबीजं गोठवणं, सगळं त्याच्या बरंच आधी आटपायचं आहे.

पायरी ८: ठरवणं

आता आकडा हातात आहे. शंभरात दहा-बारा असेल तर बहुतेकींना फार विचार करावा लागत नाही. एकाच्या आसपास असेल तर गोळ्यांवर विसंबून केमो सोडणं हा पूर्णपणे जबाबदार निर्णय आहे. त्याला कोणी 'हार मानली' म्हणू नये. तीन-चार-पाचच्या घरात मात्र बरोबर उत्तर एकच नसतं. एकीला शंभरातली एक संधीही सोडवत नाही, कारण "मी सगळं केलं होतं" हे समाधान तिला लागतं. दुसरीला चार महिने अंथरुणात घालवणं नको असतं.

बाहेरून सल्ला देणाऱ्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये एक पाहणी झाली होती: किती फायदा असेल तर तुम्ही जालीम केमो घ्याल? निरोगी माणसांनी आणि परिचारिकांनी मोठा फायदा मागितला. कर्करोगाच्या रुग्णांची अगदी अल्प फायद्यासाठीही तयारी होती. "मी असते तर घेतली नसती" म्हणणारी मैत्रीण खोटं बोलत नाही, पण ती तुमच्या जागी नाही.

एक युक्ती उपयोगी पडते. दोन दिवस मनाशी "मी केमो घेणार आहे" असं पक्कं धरून वागा, पुढचे दोन दिवस "घेणार नाही" असं. कुठल्या दोन दिवसांत झोप लागली, ते बघा. मधल्या पट्ट्यात असाल तर हे उत्तर शंभर टक्के ग्राह्य आहे. आकडा मोठा असताना मात्र ही युक्ती वापरू नका; भीतीलाही छान झोप लागते.

केमो नाकारून त्या जागी जडीबुटी, काढे, उपासाचे प्रयोग करणं, हा वेगळा मामला आहे. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात पूरक उपचार घेणारे रुग्ण ऑपरेशन, केमो, रेडिएशन किंवा गोळ्या जास्त प्रमाणात नाकारताना दिसले आणि त्यांच्यात मृत्यूचा धोका दुप्पट निघाला. कारण नाकारलेले उपचार. केमो सोडली तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि केमो घेत असाल तर कुठलाही काढा डॉक्टरांना न सांगता घ्यायचा नाही, यकृतावर दोन्हींचा भार एकदम पडतो.

ठरल्यावर

नाही ठरलं, तर त्याच भेटीत हॉर्मोनच्या गोळ्या कधीपासून, रेडिएशन लागणार का, आणि पुढची तपासणी कधी, हे लिहून घ्या. गोळ्या पाच ते दहा वर्षं चालतात आणि मध्येच सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. केमो टाळून वर गोळ्याही सोडल्या, तर सगळा हिशेब कोसळतो.

हो ठरलं, तर सुरू व्हायच्या आधी दात तपासून घ्या, हेपॅटायटिस बीची रक्ततपासणी झाली आहे का पाहा, शिरा बारीक असतील तर पोर्टबद्दल (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवायच्या साधनाबद्दल) विचारा. घरात थर्मामीटर हवाच. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात ताप ३८ अंश सेल्सिअसवर, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं. रात्री फोन कुठे लावायचा, तो नंबर आधीच मागून ठेवा. क्रम असा असतो: केमो, मग गरज असल्यास रेडिएशन, आणि हॉर्मोनच्या गोळ्या केमो संपल्यावर.

आणि हो म्हटलं म्हणजे शेवटच्या डोसपर्यंत सही करून दिली, असं नसतं. प्रत्येक सायकलच्या आधी रक्त तपासतात, तसंच तुमचं म्हणणंही ऐकून घेतलं जातं, पण तुम्ही सांगितलं तर. बटण लावता येईनासं झालं, पायाखालची जमीन नीट जाणवेना, जिना चढताना दम लागू लागला, तर ते पुढच्या डोसच्या आधी सांगा. डोस कमी करता येतो, लांबवता येतो, औषध बदलता येतं, थांबवताही येतं. सलाईन सुरू झाल्यावर सांगितलं, तर त्यावर काही करायला पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागतं.